उत्तर कोकणच्या बोली : उच्चार शेजाऱ्यांचे, कणा मराठीचा

उमरोळी (जि. पालघर) : पश्चिम रेल्वेवर पालघर आणि बोईसर या दोन गजबजलेल्या स्थानकांच्या मध्ये उमरोळी हे लहानसे स्थानक आहे. सकाळच्या गाडीची वाट पाहत फलाटावर थोडा वेळ उभे राहिले, तर एकाच जिल्ह्याची मराठी किती प्रकारे बोलली जाते, याचा प्रत्यय येतो. किनाऱ्याकडून आलेल्या मासळीवाल्या बायकांचे बोलणे वेगळे, वाडीतला भाजीपाला घेऊन निघालेल्या बागायतदाराचे वेगळे आणि पूर्वेच्या पाड्यांवरून मजुरीसाठी बोईसरला निघालेल्या वारली तरुणांचे आणखी वेगळे. मुंबईहून बदलून आलेल्या कर्मचाऱ्याला यातले बरेचसे प्रथम उमगत नाही. मग तो सहज म्हणून जातो, ही मराठी नव्हेच, ही तर अर्धी गुजराती.

हा समज नवा नाही आणि तो केवळ परक्यांचाच आहे असेही नाही. बोली बोलणारेही शहरी पाहुण्यासमोर आपली बोली आवरती घेतात. प्रत्यक्षात या बोलींची रचना तपासली, तर वेगळेच चित्र दिसते. त्यांचे उच्चार गुजराती आणि भिलीच्या सहवासात घडले असले, तरी व्याकरणाचा कणा मराठी कुळाचा आहे. हे नाते कसे ठरवतात आणि ते ठरण्याने काय फरक पडतो, हे समजून घेण्याची वेळ आता आली आहे. कारण येत्या जनगणनेत मातृभाषेचा रकाना पुन्हा एकदा भरला जाणार आहे.

कोण कोणती बोली बोलतो?

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे त्याचे आठ तालुके. समुद्रकिनारा, बागायतीची सखल पट्टी आणि सह्याद्रीच्या पायथ्याचा डोंगराळ भाग असे जिल्ह्याचे तीन पट्टे पडतात. बोलींची वाटणीही ढोबळमानाने याच पट्ट्यांनुसार झालेली आहे.

सातपाटी, तारापूर, डहाणू या किनाऱ्यावरच्या गावांत मच्छीमार मांगेला समाजाची मांगेली ऐकू येते. केळवे, माहीम, चिंचणी या बागायती गावांत वाडवळ समाजाची वाडवळी बोलली जाते. दक्षिणेला वसईच्या परिसरात सामवेदी किंवा कादोडी आहे. ती सामवेदी ब्राह्मण आणि तेथील ख्रिस्ती कुपारी समाज या दोघांची बोली आहे. धर्म वेगळा आणि बोली एक, असे हे बोलके उदाहरण. डोंगरपट्ट्यात वारली सर्वांत मोठ्या प्रदेशावर पसरली असून डावरी आणि निहिरी असे तिचे पोटभेद सांगितले जातात. तिच्या शेजारी कोकणा, कातकरी, मल्हार कोळी यांच्या बोली आणि गुजरात सीमेलगत धोडिया नांदते.

‘कोकणी’ एक, अर्थ तीन

या विषयात पहिला गोंधळ नावापासून सुरू होतो. ‘कोकणी’ हा शब्द किमान तीन अर्थांनी वापरला जातो. पहिली गोव्याची कोकणी. ती स्वतंत्र भाषा असून १९९२ मध्ये तिचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. दुसरी उत्तर आणि मध्य कोकणात बोलली जाणारी मराठी. जुन्या अभ्यासकांनी तिलाही कोकणी म्हटले आहे. तिसरी कोकणा किंवा कुकणा या आदिवासी समाजाची बोली. ती जव्हार-मोखाड्यापासून गुजरातेतील डांगपर्यंत पसरलेली आहे. एखाद्या ग्रंथात ‘वारली ही कोकणी आहे’ असे विधान आढळले, तर यांपैकी कोणती कोकणी अभिप्रेत आहे, हे आधी पाहावे लागते. अन्यथा डहाणूचा वारली थेट मडगावच्या भाषेचा वारस ठरतो.

इतिहासाचे धागे

उत्तर कोकणात मराठीचा वावर किती जुना आहे, याचा अंदाज शिलाहारकालीन शिलालेखांवरून येतो. अलिबागजवळील आक्षी येथील शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा मानला जाणारा लेख मराठीच्या आरंभीच्या लेखांत गणला जातो. त्यानंतरचा महत्त्वाचा ग्रंथ ‘महिकावतीची बखर’. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. बखरीचा एक भाग पंधराव्या शतकातील असून प्रताप बिंब राजा बाराव्या शतकात गुजरातच्या बाजूने, दमणमार्गे या किनाऱ्यावर उतरला आणि त्याच्यासोबत अनेक कुळे आली, असे कथन तिच्यात आहे. बखरीतला तपशील अक्षरशः इतिहास मानता येत नाही. तथापि, या किनाऱ्याची दळणवळणाची वाट शतकानुशतके उत्तरेला, म्हणजे दमण-सुरतेकडे होती, ही गोष्ट तीतून स्पष्ट होते. बोलींच्या उच्चारांवर पडलेली उत्तरेची छाया समजून घेताना ही वाट ध्यानात ठेवावी लागते.

इ.स. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ती मराठ्यांकडे आली. दोन शतकांच्या या राजवटीने बोलीच्या अभ्यासकांसाठी दोन अनमोल साधने मागे ठेवली. पहिले म्हणजे फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश या धर्मोपदेशकाने रचलेले ख्रिस्ताच्या दुःखभोगावरचे पुराण. ते १६५९ मध्ये लिस्बन येथे छापले गेले. लिपी रोमन आणि भाषा मात्र वसई-ठाणे भागातली मराठी, असे त्याचे स्वरूप आहे. दुसरे साधन म्हणजे सतराव्या शतकात एका अनाम पोर्तुगीज मिशनऱ्याने लिहिलेले ‘उत्तरेकडील कोकणी’चे व्याकरण. दोनशे वर्षे हस्तलिखितात पडून राहिलेला हा ग्रंथ कुन्हा रिवारा यांनी १८५८ मध्ये गोव्यात प्रथम छापला. बोलीला व्याकरण नसते, असे आजही सर्रास म्हटले जाते. पण या बोलीचे व्याकरण लिहिण्याचे काम साडेतीनशे वर्षांपूर्वीच झालेले होते!

इंग्रजी अमदानीत ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरने येथील समाजांची तपशीलवार नोंद केली. त्यानंतर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या ‘भारतीय भाषा सर्वेक्षणा’चा सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने तयार केलेला हा खंड सर्वस्वी मराठीला वाहिलेला आहे. वारली, वाडवळ, फुडगी, सामवेदी आणि कातकरी या ठाणे जिल्ह्यातील बोलींची दखल त्यात घेण्यात आली. स्वातंत्र्योत्तर काळात डॉ. अ. मा. घाटगे यांनी महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळासाठी मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची ग्रंथमाला सिद्ध केली. तिचा एक भाग ठाण्याच्या वारलीला वाहिलेला आहे. वारली समाजाचे जीवन नोंदवणारा के. जे. सावे यांचा ग्रंथ त्याआधीच, १९४५ मध्ये आला होता. अलीकडच्या काळात गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा अरुण जाखडे संपादित महाराष्ट्र खंड २०१३ मध्ये निघाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेऊन प्रत्यक्ष बोलणाऱ्यांच्या आवाजातले नमुने जतन केले आहेत.

‘सात’चे ‘हात’, ‘चार’चे ‘सार’

वाडवळी आणि सामवेदी बोलींचे पहिले वैशिष्ट्य कानाला लगेच जाणवते. त्यांच्यात ‘स’चा ‘ह’ होण्याकडे कल आहे. ‘सात’ हा आकडा ‘हात’ होतो, ‘सांग’चे ‘हांग’ होते. त्याच वेळी ‘च’ची जागा ‘स’ घेतो आणि ‘चार’चे ‘सार’ होते. गावागणिक आणि पिढीगणिक याचे प्रमाण कमी-अधिक असले, तरी दिशा हीच.

हा बदल वरकरणी मनमानी वाटतो. प्रत्यक्षात त्याला काटेकोर क्रम आहे. समजा, आधी ‘च’चा ‘स’ झाला असता आणि नंतर ‘स’चा ‘ह’, तर ‘चार’ हा शब्द ‘सार’वर न थांबता ‘हार’पर्यंत घसरला असता. तसे झाले नाही. याचा अर्थ जुना ‘स’ आधी ‘ह’कडे सरकला, त्याची जागा रिकामी झाली आणि मग ‘च’ त्या जागी आला. रांगेतला एक जण पुढे सरकला की मागचा त्याच्या जागी येतो, तसाच हा प्रकार. भाषाशास्त्रात याला ध्वनींची साखळी म्हणतात. ज्या उच्चाराला वर्गात चूक म्हटले जाते, तो असा नियमाने घडलेला असतो.

ही साखळी केवळ पालघरची नाही. सुरती गुजरातीत ‘साचुं’चे ‘हाचुं’ होते. भिली बोलींतही ‘स’ आणि ‘च’ याच वाटेने गेले आहेत. फार दूर, पूर्व बंगालमध्येही ‘सात’ला ‘हात’ म्हणतात आणि असमियात ‘चार’चा उच्चार ‘सारि’ होतो. प्राचीन इराणी भाषेने ‘सिंधू’चे ‘हिंदू’ केले, तोही याच जातीचा बदल. म्हणजे एकच ध्वनिबदल परस्परांशी निकटचे नाते नसलेल्या ठिकाणीही घडू शकतो. म्हणूनच उच्चारातील साम्य हा नात्याचा कच्चा पुरावा ठरतो.

किनाऱ्यावरच्या कोळी-आगरी बोलींची लकब वेगळी आहे. तेथे ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि ‘डोळा’ हा ‘डोला’ बनतो. ‘ण’चा ‘न’ होऊन ‘पाणी’चे ‘पानी’ होते. दोन स्वरांमधला ‘ड’ हा ‘र’कडे झुकतो, त्यामुळे ‘घोडा’चा ‘घोरा’ आणि ‘गाडी’ची ‘गारी’ होते. ‘वीस’ऐवजी ‘ईस’ आणि ‘वेळ’ऐवजी ‘येळ’ ही रूपे तर कोकणच्या बाहेर, देशावरच्या खेड्यांतही सापडतात.

व्याकरणाचा कणा

नाते पारखायचे असेल, तर प्रत्यय, सर्वनामे आणि संख्यावाचक शब्द यांकडे वळावे लागते. माणसे शेजाऱ्यांचे शब्द सहज उचलतात, उच्चारही उचलतात. विभक्तीचे प्रत्यय आणि क्रियापदांची रूपे मात्र सहसा उसनी घेतली जात नाहीत.

गुजराती आणि मराठी यांतला फरक चार साध्या कसोट्यांवर दिसतो. मराठी माणूस ‘मी’ म्हणतो, गुजराती ‘हुं’. मराठीत ‘दोन’, गुजरातीत ‘बे’. मराठीत ‘घराला’, गुजरातीत ‘घरने’. भूतकाळात मराठी ‘गेला’ म्हणते, गुजराती ‘गयो’. यांपैकी शेवटची कसोटी विशेष महत्त्वाची. भूतकाळी रूपातला हा ‘ल’ मराठीची ठळक खूण आहे. कोकणी, बंगाली, ओडिया या भाषांतही त्याची भावंडे आढळतात. प्रमाण गुजराती किंवा हिंदी यांच्या साध्या भूतकाळात मात्र तो नाही.

या कसोट्या लावल्या, की उत्तर कोकणच्या बोली मुख्यतः मराठीच्या बाजूला पडतात. वाडवळीने ‘सात’चे ‘हात’ केले, परंतु ‘दोन’चे ‘बे’ केले नाही. वारलीतही ‘ला’ हा प्रत्यय आणि भूतकाळातला ‘ल’ शाबूत आहेत.

शिवाय कोकणच्या बोलींना जोडणाऱ्या, त्यांच्या स्वतःच्या अशा खुणाही आहेत. नात्याच्या शब्दांना लागणारा ‘स’ ही त्यांपैकी एक. ‘बापूस’, ‘आयस’, ‘भाऊस’ ही रूपे कोकणात दूरवर ऐकू येतात. क्रियापदाच्या रूपांतही जुना ठेवा आहे. प्रमाण मराठीत ‘मी करतो’ आणि ‘आम्ही करतो’ यांत क्रियापद एकच राहते; किनाऱ्यावरच्या बोलींत ‘आमी करताव’ असे अनेकवचनाचे वेगळे रूप टिकून आहे. प्रमाण भाषेने पुसून टाकलेला भेद बोलीने सांभाळला, असे येथे म्हणावे लागते.

ही सीमारेषा भिंतीसारखी उभी नाही, हेही नमूद केले पाहिजे. डहाणूहून उत्तरेला तलासरी आणि पुढे उंबरगावकडे जाताना बोली पायरीपायरीने बदलत जातात. धोडियाचे सूत भिली-गुजरातीशी अधिक जुळते, तर कोकणा ही मराठी, अहिराणी आणि गुजराती यांच्या सांध्यावर उभी आहे. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली, तेव्हा उंबरगाव भागातील गावे गुजरातेत गेली. नकाशावरची रेघ ठळक झाली. पाड्यावरच्या बोलण्यात अशी रेघ कधी नव्हती.

शब्द सांगतात ती कहाणी

शब्दसंग्रहात इतिहासाचे थर दिसतात. चावी, पगार, लिलाव, घमेले हे पोर्तुगीज शब्द आता साऱ्या महाराष्ट्राचे झाले असले, तरी त्यांचा प्रवेश याच किनाऱ्यांवरून झाला. डोंगरपट्ट्यातल्या वारलीत मात्र शेती, जंगल आणि देवकार्य यांच्या शब्दांची श्रीमंती आहे. ‘वारली’ हे नावच ‘वरल’, म्हणजे लागवडीखालचा जमिनीचा लहानसा तुकडा, या शब्दावरून आले, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. मुलाला ‘पोसा’ म्हणतात. धान्याची देवी ‘कणसरी’. लग्नाच्या चौकात रेखाटली जाणारी देवी ‘पालघाट’. लग्न लावणारी आणि त्या वेळची गाणी गाणारी स्त्री ‘धवलेरी’. भोपळ्यापासून बनवलेला ‘तारपा’ आणि तारांची ‘घांगळी’ ही वाद्येही याच शब्दविश्वातली.

डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनी वारली चित्रकला जगभर पोहोचवली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज ही चित्रे कपबशांवर आणि विमानतळांच्या भिंतींवर दिसतात. मूळ चौक मात्र भिंतीवर लिहिला जातो, तो लग्नविधीचा भाग म्हणून, धवलेरीच्या गाण्यांसह. चित्राला बाजारपेठ मिळाली. ज्या बोलीत त्या चित्राचा अर्थ सांगितला जातो, ती बोली मात्र कोणी विकत घेत नाही.

दूरच्या बेटांवरचा धडा

भाषेचे नाते कसे शोधतात आणि ती कशी हातची जाते, याचे एक उदाहरण जगाच्या दुसऱ्या टोकाला आहे. अलास्काच्या नैर्ऋत्येला पसरलेल्या बेटांवर ॲल्यूत भाषा बोलली जाते. ऐकायला ती शेजारच्या भाषांहून अगदी निराळी. तरीही १८१९ मध्ये रास्मुस रास्क या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने ग्रीनलंडच्या भाषेशी असलेले तिचे नाते ओळखले. पुढे कॉपर बेटावर रशियनांच्या सहवासात एक चमत्कारिक मिश्र बोली जन्माला आली. तिच्यातली नामे ॲल्यूत राहिली, तर क्रियापदांचे अनेक प्रत्यय रशियन झाले. प्रत्यय सहसा उसने घेतले जात नाहीत, या नियमाला असलेला हा गाजलेला अपवाद. शेजारच्या बेरिंग बेटावरील ॲल्यूत अस्खलित बोलणारी शेवटची व्यक्ती २०२१ मध्ये निवर्तली आणि कॉपर बेटाच्या बोलीचा शेवटचा जाणकार २०२२ मध्ये. नोंदी उरल्या, बोलणारे उरले नाहीत.

वारली किंवा वाडवळी आज त्या टोकाला नाहीत. पण भाषा जाते ती एका दिवसात जात नाही. आजी बोलते, आईला समजते आणि नातवाला नुसते हसू येते, अशा तीन पिढ्यांत ती जाते.

भिली की मराठी?

येथे नात्याचा प्रश्न केवळ पंडितांचा राहत नाही. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणाने वारलीला मराठीच्या खंडात स्थान दिले. भारतीय जनगणनेच्या भाषातक्त्यांत मात्र वारली, कोकणा आणि धोडिया या मातृभाषा ‘भिली/भिलोडी’ या शीर्षकाखाली येतात. २०११ च्या जनगणनेत या शीर्षकाखाली एकूण सुमारे १ कोटी ४ लाख भाषिक नोंदले गेले. वाडवळी आणि सामवेदीची गत याच्या उलट. त्या मराठीच्या ८ कोटी ३० लाखांत विरून जातात. ज्या मातृभाषेचे नाव देशभरात दहा हजारांहून कमी लोकांनी सांगितले, ती प्रसिद्ध तक्त्यात वेगळी दाखवली जात नाही. म्हणजे एक बोली परक्या घरात मोजली जाते, तर दुसरी स्वतःच्याच घरात दिसेनाशी होते.

मोजणीवर पुढचे बरेच काही अवलंबून असते. प्राथमिक वर्गात मुलाला समजेल अशा भाषेत शिकवावे, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते. पण कोणत्या तालुक्यात कोणती बोली किती घरांत बोलली जाते, हेच ठाऊक नसेल, तर पुस्तके कोणासाठी काढायची आणि शिक्षकांना कोणती बोली शिकवायची? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या प्राचीनतेचे जिवंत पुरावे अशा बोलींतच जपलेले आहेत, हे विसरून चालणार नाही.

आजची स्थिती

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. त्यामागोमाग औद्योगिक वसाहत वाढली आणि बोईसर हे देशभरच्या कामगारांचे गाव बनले. कारखान्याच्या दारात आणि बाजारात हिंदी रुळली. अणुवीज प्रकल्पाच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या किनाऱ्यावरच्या गावांचे पुनर्वसन करावे लागले. गाव उठले की त्याचा शेजारही मोडतो आणि बोलीला जगण्यासाठी शेजार लागतो. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या, तेव्हापासून उमरोळीसारखी गावेही मुंबईच्या नोकरदारांच्या कक्षेत आली. नव्या वसाहतींत मराठी, गुजराती, हिंदी एका जिन्यात राहतात. तेथे वाडवळी किंवा वारली बोलायची ती कोणाशी?

कोविडमुळे लांबलेल्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन निश्चित करण्यात आला आहे. मातृभाषा म्हणजे बालपणी आईने आपल्याशी ज्या भाषेत संवाद केला ती भाषा, अशी जनगणनेची व्याख्या आहे. प्रगणकाने सांगितलेले नाव तसेच उतरवून घ्यायचे असते. ते कोणत्या भाषेखाली घालायचे, हे काम नंतरचे आणि इतरांचे. वारली, वाडवळी, मांगेली, सामवेदी ही नावे त्या रकान्यात लिहिली गेली, तर मराठीचे काही कमी होणार नाही; तिच्या घरात किती माणसे राहतात, एवढेच कळेल. मात्र त्यासाठी दारात आलेल्या माणसाला उत्तर देताना आईची बोली आठवायला हवी आणि तिचे नाव न संकोचता सांगायला हवे.